न्यालिंगची गोटी

जांबाकुंड्यात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या बकरीला झालेलं पिल्लू खरं कुणाच्या बोकडाचं, हे सगळं मला ठाऊक असतं. यात माझा काही गुण नाही. माझा माग विहिरीच्या वाटेवर आहे. मी धोटा इकडून तिकडे फेकत बसतो आणि बायका पाणी घेऊन जाताना बोलत जातात. कापडाची पट्टी विणून होईस्तोवर गावची बातमीही विणून होते.

पण एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही. आमच्या गांबियावरून इंग्रजांचा झेंडा उतरला, त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक झाली. त्या निवडणुकीत न्यालिंग कांतेनं आपली गोटी कुठल्या पिंपात टाकली? तेव्हा माझ्या डोक्यावर काळे केस होते. आता नुसतं डोकं उरलंय, आणि मी अजून विचारतोच आहे.

न्यालिंग लोहाराची पोर, नदीच्या वरच्या अंगाची. आम्ही गाई राखणारे फुला आणि ते कांते लोहार, यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. भेटलं की सलाम व्हायच्या आधी शिवी. त्यावर रागवायचं नाही, रागावला तो हरला. ती लग्न होऊन आमच्या गावात आली त्या पहिल्याच सकाळी डोक्यावर घागर घेऊन माझ्या मागापाशी थांबली.

"हा कोण गं ताकप्या इथं बसलाय?" तिनं बरोबरच्या बायकांना विचारलं. "गाई विकून सूत घेतलं की काय?"

"लोहारणी," मी म्हटलं, "दात बघ आधी. कोळसा खाऊन आलीस का?"

नवी नवरी असून खदखदून हसली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई आपल्याला पुरून उरणार.

तिचा नवरा मांबुरे सोंको. हा आमच्या आल्कालोचा, म्हणजे गावप्रमुखाचा, धाकटा भाऊ. माणूस सरळ, पण भावासमोर तोंड उघडायचं तर आधी घसा खाकरायचा आणि मग न बोलताच खाली बसायचा. मोठी बायको वुरोकिया, धाकटी न्यालिंग. दोघींचं भांडण व्हावं म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. झालं नाही.

न्यालिंगला तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. मशिदीमागच्या काजूच्या झाडाखाली आहेत. तिसरं गेल्यावर ती जेवेना. मग एक दिवस आमच्या कान्येलेंग बायका गात नाचत आल्या आणि तिला घेऊन गेल्या.

ज्यांची मुलं जगत नाहीत किंवा होतच नाहीत, त्या बायकांचा हा मेळा. नवऱ्याची फाटकी विजार घालायची, अर्धा भोपळा टोपीसारखा डोक्यावर, गळ्यात वाळलेल्या मासळीची माळ, काठीचा घोडा करून गावभर फिरायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. दुःखाला इतकं हसायचं की ते लाजून घर सोडून जाईल, असं त्या म्हणतात. कान्येलेंग बाईनं काही मागितलं तर नाही म्हणू नये, तिनं चेष्टा केली तर रागवू नये. आल्कालोनं नाही, इमामानं नाही, गोऱ्या साहेबानंही नाही.

गोऱ्या साहेबाचं खरंच झालं. कमिशनर दौऱ्यावर आला होता. तो हात धुवायला उठला तर न्यालिंग त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. डोक्यावर भोपळा, पायावर पाय.

"कर भरला का?" तिनं दुभाष्याला दरडावलं. "नाही? मग घरी जेवलास कसा? मला विचारलं होतंस?"

साहेब परत आला आणि उभाच राहिला. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. दुभाष्यानं बराच विचार करून सांगितलं, "ही इथली रीत आहे साहेब, हसावं लागतं." साहेब हसला. खोटं हसला, पण हसला, आणि बिस्किटांचा रिकामा डबा तिला बक्षीस दिला. तो तिनं कमरेला बांधला आणि चमच्यानं वाजवत फिरायला लागली. साम्राज्याकडून आमच्या गावाला मिळालेली तेवढी एक टिकाऊ वस्तू.

तर झेंडा बदलला. मग मतं आली. दोन पक्ष: एकाची खूण कुदळ, दुसऱ्याची होडी. वाचता कुणाला येतंय? म्हणून मतदानाची तऱ्हा अशी, की चटईच्या आडोशामागे दोन बंद लोखंडी पिंपं ठेवायची, एकावर कुदळ रंगवलेली, दुसऱ्यावर होडी. प्रत्येकाला काचेची एक गोटी. आपल्याला हव्या त्या पिंपाच्या नळीत ती सोडायची. आत घंटी असते, गोटी तिच्यावर आपटली की 'टिंग' वाजतं, म्हणजे बाहेर बसलेल्या कारकुनाला कळतं की मत पडलं, आणि एकदाच पडलं. पुरुषांना एक गोटी, बायकांनाही एकच. हे ऐकून आमच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना जरा ठसका लागला होता, पण पाणी पिऊन गेला.

कुदळ पक्षाचं काम आमच्याकडे शेरिफो तुरे बघायचा. शेंगांच्या वखारीवर कारकून, डोळ्यांवर काळा चष्मा, मशिदीतसुद्धा तो काढत नसे. तो कोलाच्या बियांची टोपली घेऊन आल्कालोकडे आला. आमच्यात कोला ही मानाची चीज. पाहुण्यानं कोला पुढं करायचा, यजमानानं तो घ्यायचा, फोडून वाटायचा. घेतला की शब्द दिला. लग्नं याच्यावर ठरतात, जमिनी याच्यावर मिळतात. आल्कालोनं घेतला, फोडला, ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी चावला. जांबाकुंड्याचा शब्द कुदळीला गेला.

मलाही एक फोड मिळाली. कडू होती, पण कोला कडूच असतो.

मांबुरेनं घरी येऊन दोघी बायकांना सांगितलं. हे मला वुरोकियानं सांगितलं, म्हणून यात मीठमसाला माझा नाही, तिचा.

"सोंको, ऐकता का," न्यालिंग म्हणाली, "कोला चावला तुम्ही. मग गोटी माझी कशी अडकली?"

"गावाचा शब्द आहे."

"ओढ्यातून कमरेएवढ्या चिखलात भाताचे भारे आम्ही आणतो, ते गावाला माहीत आहे का? कुदळवाल्यांनी ओढ्यावर पुलाचं काही म्हटलं?"

"शेंगांच्या भावाचं म्हणाले."

"आणि होडीवाले?"

"ते इथं आलेच नाहीत."

"म्हणजे अजून मला कुणी काही विचारलंच नाही," न्यालिंग म्हणाली. "मग मी विचार करीन."

मांबुरेनं घसा खाकरला, आणि या वेळी बोलला. भावाचा शब्द त्याच्या घरातून मोडला, तर तो ओट्यावर बसू शकणार नाही. न्यालिंगची गोटी दुसरीकडे गेल्याचं कळलं, तर तिनं आपलं भांडं उचलावं आणि बोटीनं वर, भावांच्या घरी जावं.

वुरोकिया म्हणाली, तो हे न्यालिंगकडे न बघता बोलला. ती मात्र त्याच्याकडे बघत राहिली. बाप तिचा केव्हाच वारला होता, भाऊ नावाला. तिचं भात इथं, तिचा मेळा इथं, तिची लेकरं इथल्या मातीत. पण मुलंबाळं नसलेल्या बाईला घरातून काढायला नवऱ्याचा एक शब्द पुरतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हा सगळ्यांनाही.

"कळणार कसं पण?" तिनं शेवटी विचारलं.

त्याचं उत्तर शेरिफोनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर दिलं. काळ्या चष्म्यातून बायकांकडे बघत म्हणाला, "कुदळीच्या पिंपातली घंटी जाड वाजते, होडीच्या पिंपातली बारीक. मी आडोशाच्या बाहेर बसणार आहे. कान माझे चांगले आहेत, घरोघर जाऊन सांगायला पायही चांगले आहेत."

बायका गप्प झाल्या. जांबाकुंड्याच्या विहिरीवर बायका गप्प झाल्याचं मी तेवढंच एकदा ऐकलं. मग वुरोकिया म्हणाली, "मी त्या दिवशी आजारी पडणार आहे. आताच सांगून ठेवते." तिच्या मागून आणखी कितीजणींना आजार आठवले.

न्यालिंग माझ्या मागापाशी येऊन बसली. शिवी दिली नाही. मला काळजीच वाटली.

"पाते," तिनं मला चक्क नावानं हाक मारली, "तुम्ही फुला लोक नुसत्या घंटेवरून गाय ओळखता म्हणे."

"आपली ओळखतो."

"आणि दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची ओळखतो म्हणणारा फुला खोटारडा."

"शेरिफो कुठं फुला आहे?"

"छे. त्यानं गाय बघितली असेल ती कालवणात."

ती हसली नाही. "पण खरंच वेगळ्या वाजत असतील तर?"

"मग काय करशील?"

"मग त्याला हवं तिथं टाकीन. भांडं उचलून कुठं जाऊ मी? पण खोटं असेल, आणि मी खोट्याला भिऊन टाकली, तर मग साहेबाच्या खुर्चीवर कशाला बसले होते मी?"

"तुला टाकायची कुठं आहे?" मी सहज विचारलं.

"ते तुला कशाला रे, ताकप्या?" ती म्हणाली, आणि मला जरा बरं वाटलं. मग उठता उठता म्हणाली, "तुझ्या तांबड्या गाईची घंटा दे. उद्या परत देते."

दुसऱ्या दिवशी निवडणुकीचा अधिकारी पिंपं घेऊन आला, राजधानीहून, बाथर्स्टहून, लोकांना मतदानाची सवय व्हावी म्हणून. पोरगेलासा, घामाघूम, फार सभ्य. पांढऱ्या सावरीखालच्या ओट्यासमोर दोन्ही पिंपं ठेवली. सगळा गाव जमला. आल्कालो मध्ये, मांबुरे त्याच्या मागे, शेरिफो अगदी पुढे. अधिकाऱ्यानं सांगायला तोंड उघडलं, तोच डबा वाजला.

कान्येलेंग आल्या. न्यालिंग पुढे, काठीच्या घोड्यावर, भोपळ्याची टोपी कपाळावर ओढलेली. ती सरळ कुदळीच्या पिंपापुढे गेली आणि वाकली.

"घरचे सुखरूप?" तिनं पिंपाला विचारलं. "मुलंबाळं? गाई-बकऱ्या? आडनाव काय म्हणालात? पिंपे? बरं बरं, पिंपे. पोट दुखतं का? गोट्या फार खाऊ नका हो."

लोक हसायला लागले. मग ती अधिकाऱ्याकडे वळली. "साहेब, तुमच्या तीन गोट्या द्या. आणि हा माझा नवा नवरदेव," असं म्हणून तिनं शेरिफोचा हात धरला, "याचे कान सोन्याचे आहेत. तो म्हणतो, कुठली गोटी कुठं पडली ते त्याला ऐकून कळतं. गावानं एकदा ऐकावं."

शेरिफोला नाही म्हणायचं होतं. पण कान्येलेंगला नाही कसं म्हणणार, तेही आल्कालोसमोर? तिनं त्याचा चष्मा काढून स्वतः घातला, डोक्याचं फडकं सोडून त्याच्या डोळ्यांवर बांधलं, त्याला पाठमोरा बसवला. सगळ्यांना दाखवून एक गोटी कुदळीच्या पिंपात सोडली.

टिंग.

"कुदळ," शेरिफो म्हणाला.

ओट्यावरचे म्हातारे पुढं सरसावले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हुंकार दिला आणि गिळला. मांबुरेनं मान खाली घातली. मी न्यालिंगकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते, फक्त कमरेवरच्या डब्यावर ठेवलेला हात दिसत होता आणि तो डबा बारीक वाजत होता. तिनं मनात आणलं असतं तर तिथंच नाचून खेळ संपवता आला असता. तिनं दुसरी गोटी होडीच्या पिंपात सोडली.

टिंग.

"कुदळ," शेरिफो म्हणाला.

आधी कोण हसलं ते सांगता येत नाही, कारण सगळेच हसले. शेरिफोला हसू ऐकू आलं, त्याचा धीर सुटला. तिनं पुन्हा कुदळीत टाकली, तर "होडी," म्हणाला. मग ती दोन बोटांनी ओठ दाबून, गावाला गप्प राहायची खूण करत, त्याच्या कानाशी गेली आणि विजारीच्या खिशातून माझ्या तांबडीची घंटा काढून एकदा हलवली.

शेरिफोनं मान तिरकी केली. बराच वेळ विचार केला. "ही मात्र नक्की कुदळ," म्हणाला. "अगदी जाड."

आल्कालोनं टोपी तोंडावर धरली. म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर पडले. अधिकारी बिचारा सरकारी माणूस, हसावं की नाही त्याला कळेना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "दोन्ही पिंपांत एकाच दुकानातल्या घंट्या आहेत. आम्हालाही कळत नाही." शेरिफोनं फडकं सोडलं, समोर गाईची घंटा बघितली, आणि रिवाजाप्रमाणे त्यालाही हसावं लागलं. नंतर त्या बायकांनी त्याला नाचवला. नाचायला बरा होता, कानांपेक्षा बरा.

तेव्हापासून मी सांगत आलोय, की आमच्या गावात कुदळीला पहिलं मत दिलं ते माझ्या तांबड्या गाईनं.

संध्याकाळी मांबुरे जेवायला बसला. वाडग्यातल्या शेंगदाण्याच्या कालवणात हात तसाच.

"म्हणजे मला कळणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही कळणार," न्यालिंग म्हणाली.

"मोठ्या भावालाही नाही."

"त्यांनाही नाही."

त्यानं वाडग्यातून हात काढला. मग घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे माझी गोटीही त्याला कळणार नाही."

वुरोकियाच्या हातातला पळा खाली पडला. इतकी वर्षं ज्याच्या मागे हा माणूस सावलीसारखा बसला, त्याच्याहून वेगळं काही याच्या मनात असेल, हे दोघींना कधी वाटलंच नव्हतं. बहुधा त्यालाही नव्हतं. न्यालिंगनं त्याच्यापुढे मासळीचा मोठा तुकडा सरकवला. भांडं उचलण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

मतदानाच्या दिवशी वुरोकियाचा आजार पळाला. सगळ्यांचेच पळाले. बायका सणासारख्या निळीत रंगवलेली लुगडी नेसून आल्या. न्यालिंगनं भोपळा घरी ठेवला होता, डबाही. डोक्याला नीट बांधलेलं फडकं, कानात बापानं घडवलेल्या बाळ्या. तिला असं गंभीर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आडोशामागे गेली. आमचे सगळ्यांचे कान चटईला चिकटलेले.

टिंग.

बाहेर आली तेव्हा अशी चालत होती, जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे.

"कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"तुझ्या गाईला विचार," ती म्हणाली.

आम्ही वोरी खेळतो तशा खळग्यांच्या लाकडी फळीवर तालुक्याला गोट्या मोजल्या. कुदळवाले निवडून आले. पण जांबाकुंड्याच्या गोट्या दोन्ही पिंपांत जवळजवळ सारख्या निघाल्या. आल्कालोनं ओट्यावर बसून एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. एकेका म्हाताऱ्यानंही तितक्याच चकित तोंडानं त्याच्याकडे बघितलं. मांबुरे सगळ्यात जास्त चकित दिसत होता.

आता गंमत ऐका. गावाचा शब्द एका टोपलीत मिळत होता, तोवर टोपली घेऊन एकटा शेरिफो यायचा. आता कुणाची गोटी कुठल्या पिंपात ते कळेना, म्हणून निवडून आलेला गृहस्थ स्वतः आला. आल्कालोकडून निघून त्याला बायकांकडे यावं लागलं, आणि बायका भातात होत्या. न्यालिंगनं ओढ्याच्या पलीकडून हाक मारली, "या की साहेब, पाणी थोडंच आहे." इस्त्रीच्या विजारीनिशी तो कमरेपर्यंत चिखलात उतरला. पलीकडे पोचेस्तोवर त्याला पुलाचं सगळं समजलं, बोलावं लागलंच नाही.

त्यानं ताडाचे ओंडके पाठवले. ते ऐकून होडीवाल्यांनाही राहवेना, पुढच्या वेळची काळजी. त्यांनी पलीकडच्या काठावर ओंडके टाकले. एक पक्ष या बाजूनं बांधत आला, दुसरा त्या बाजूनं, आणि एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून दोन्ही अर्धे मधे नीट जुळले नाहीत. आजही पुलाच्या मध्यावर एक पाऊल आडवं टाकावं लागतं. बाहेरचे अडखळतात. आमच्या पोरी डोक्यावर भारा घेऊन न बघता ते पाऊल टाकतात.

परवा न्यालिंग पुलावर भेटली. आता काठी हातात, घोड्याची नाही, खरी. तोंडात दात मोजकेच. मी मुद्दाम कोलाची एक चांगली टपोरी पांढरी बी खिशातून काढली.

"घे, लोहारणी. मानानं देतोय. आता तरी सांग, कुणाला दिलं होतंस?"

तिनं कोला घेतला. उजेडात धरून नीट पाहिला, फोडला, मोठी फोड स्वतःच्या तोंडात टाकली, छोटी माझ्या हातावर ठेवली.

"तू कुणाला दिलंस रे, ताकप्या?"

मी तोंड उघडलं. आणि काय सांगू, मला सांगावंसं वाटेना. मी, ज्याला स्वतःच्या सासूची गुपितंही पोटात ठेवता येत नाहीत. बायकोलासुद्धा मी ते कधी सांगितलेलं नाही.

न्यालिंग माझ्याकडे बघून हसली, अगदी पहिल्या सकाळसारखी.

"कोला चांगला होता," ती म्हणाली, मध्यावर ते आडवं पाऊल टाकलं, आणि कोला चावत पलीकडे निघून गेली.